चावीच्या आधी तेल

नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी खापा वसलेलं आहे. हातमागाच्या विणकरांचं हे जुनं गाव. आसपास मँगनीजच्या खाणी आणि संत्र्याच्या बागा. खाणीमुळे आणि बागायतीमुळे या पट्ट्यात मोटार फार लवकर पोचली, आणि जिथे मोटार लवकर पोचते तिथे ती थकल्यावर उभीही लवकर राहते. वाड्याच्या पडवीत, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली. मग एखाद्या वर्षी घरातल्या तरुणाच्या मनात येतं की यंदा दसऱ्याला आजोबांची गाडी सुरू करायची. गाडी धुतली जाते, नवी बॅटरी येते, टाकीत पेट्रोल पडतं, झेंडूचा हार चढतो, नारळ फुटतो आणि सेल्फ मारला जातो. माझं म्हणणं या एकाच क्षणाबद्दल आहे. त्या इंजिनाच्या आजवरच्या सगळ्या आयुष्यात त्याला झालेली सर्वांत मोठी इजा बहुधा या पहिल्या दहा सेकंदांत होते, आणि ती पूर्णपणे टाळता येण्याजोगी असते. अट एकच. चावी फिरवण्याआधी तेल बेअरिंगपर्यंत पोचलेलं असलं पाहिजे, आणि ते पोचवण्याचं काम इंजिनावर न सोपवता माणसानं बाहेरून केलेलं असलं पाहिजे.

याच्या आड येणारा समज आपल्याकडे घट्ट आहे. उभी गाडी झिजत नाही, असं आपण धरून चालतो. किलोमीटरचा काटा जिथे थांबला तिथेच इंजिनही थांबलं, वीस वर्षांपूर्वी बंद केलं तेव्हा ते ठणठणीत होतं म्हणजे आजही ठणठणीतच असणार, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब लोखंडाला लागू पडत नाही, आणि विदर्भाच्या हवेत तर मुळीच पडत नाही. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि लगेच जून ते सप्टेंबर हवा ओली होते. इंजिनाला श्वास असतो. क्रँककेसची वाफ बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या वाटेनं दिवसा हवा आत-बाहेर होत राहते. कित्येक किलो वजनाचा ओतीव लोखंडाचा ब्लॉक रात्री गार होतो आणि सकाळी सावकाश तापतो. त्याआधीच दमट हवा आत शिरलेली असते. गार तांब्याला बाहेरून जसा घाम फुटतो तसा या लोखंडाला आतून फुटतो. एका दिवसाचं पाणी डोळ्यांना दिसणारही नाही, पण एका पावसाळ्यात असे शंभरावर दिवस येतात, आणि गाडी असे पंधरा-वीस पावसाळे पाहून गेलेली असते. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या तळाशी जाऊन बसतं. नेमकी तिथेच तेलपंपाची जाळी असते.

दुसरी गोष्ट जुन्या तेलाची. गाडी उभी केली तेव्हा तिच्यात जे तेल होतं ते चाललेलं होतं. इंधन जळताना तयार होणारं पाणी, आम्लं, न जळलेलं पेट्रोल आणि काजळी हे सगळं त्याच्यात मिसळलेलं. गाडी रोज चालते तेव्हा इंजिनाच्या उष्णतेनं पाणी आणि पेट्रोल उडून जातं. उभ्या गाडीत ते राहतं. कथलाच्या मिश्रधातूचं, म्हणजे जुन्या पद्धतीचं व्हाइट मेटलचं बेअरिंग या आम्लाला बऱ्यापैकी दाद देत नाही. नंतरच्या काळातल्या तांबे-शिशाच्या बेअरिंगमधलं शिसं मात्र त्याला बळी पडतं. काजळी आणि पाणी मिळून काळा गाळ बनतो, खाली बसतो आणि वर्षांनी खिरीसारखा घट्ट होतो. वर मात्र ऑईल स्टिक बाहेर काढली तर तेलाची पातळी बरोबर खुणेवर दिसते. ही खूण फक्त चेंबरमध्ये काही द्रव किती उंचीपर्यंत आहे एवढंच सांगते. तो द्रव तेल आहे का, आणि जिथे हवा तिथे आहे का, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

जिथे हवा तिथे म्हणजे कुठे, हे समजण्यासाठी लंडनमधल्या एका जुन्या प्रयोगाकडे जावं लागतं. १८८३ मध्ये बोशँप टॉवर या इंजिनिअरनं तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेसाठी रेल्वेच्या आखांची बेअरिंगं तपासायला घेतली. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी त्यानं एक भोक पाडलं. आख फिरू लागला तसं तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागलं. त्यानं बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी दाबमापक लावला तेव्हा चौरस इंचाला २०० पौंडांहून अधिक दाब निघाला. फिरता आख स्वतःच तेलाला आपल्याखाली ओढतो, पाचरीसारखं दाबतो आणि त्या पाचरीवर तरंगतो, हे तेव्हा उमगलं. १८८६ मध्ये ऑसबर्न रेनल्ड्सनं त्याचं गणित मांडलं. मोटारीच्या क्रँकचंही अगदी हेच आहे. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात साधारण ०.०५ मिलिमीटरची फट असते, म्हणजे एका बारीक केसाएवढी. चालत्या इंजिनात धातूला धातू लागतच नाही. पंपाचं काम त्या फटीत तेल पुरवत राहण्याचं. भार पेलणारी पाचर फिरण्यातून तयार होते. म्हणूनच दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात, फिरणं आणि तेल. थांबलेल्या इंजिनात क्रँक बेअरिंगच्या तळाला टेकून बसतो. काही आठवडे, काही महिने धातूला चिकटलेला तेलाचा हात पुरतो. वर्षं गेली की तो ओघळलेला किंवा वाळून चिकट झालेला असतो, वाहिन्या रिकाम्या असतात, पंपाच्या दातांमधलं तेल उतरलेलं असतं. रिकामा पंप हवा ओढत राहतो, तेल ओढत नाही. अशा वेळी इंजिन पेटलं आणि मिनिटाला हजार फेऱ्यांनी चाललं, तर दहा सेकंदांत क्रँकचे १६० हून अधिक फेरे कोरडे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात पिस्टनचे हातोडे त्याच कोरड्या जागेवर बसतात.

हे ज्ञान आपल्याला नवीन वाटायचं कारण नाही. वंगण हा शब्द मोटारीच्या कितीतरी आधीचा. बैलगाडीच्या आखाला वंगण दिल्याशिवाय बाजाराची वाट कोणी धरत नसे. विहिरीवरचं ऑईल इंजिन तर याचा जिवंत धडाच होतं. विजेचे पंप येण्यापूर्वी बागांना पाणी देणाऱ्या त्या एका सिलिंडरच्या इंजिनाला कोणी थेट सुरू करत नसे. आधी डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब निघून जातो. मग हँडल मोकळ्या हातानं बरंच फिरवायचं, चाकानं वेग घेतला की मगच खटका सोडायचा. जिथे आत पंप आहे तिथे या फिरवण्यात तो तेल वर चढवतो, जिथे नुसते शिंतोडे आहेत तिथे ते उडायला लागतात. पावसाळाभर बंद राहिलेलं इंजिन असेल तर शेतकरी टॅपेटवर तेलाची धार सोडून घेत असे. म्हणजे पहिल्या भडक्याआधी तेल पोचलं पाहिजे हा नियम ज्या हातांना ठाऊक होता, त्याच घरात मोटारीच्या बाबतीत तो विसरला जातो. याचं कारण मला सेल्फच्या बटणात दिसतं. हँडल मारणाऱ्या माणसाच्या दंडाला इंजिनाची कोरड कळत होती. बटण दाबणाऱ्या बोटाला काहीच कळत नाही.

ज्यांना चूक परवडत नाही ते काय करतात, हेही याच तालुक्यात पाहायला मिळतं. खापरखेडा औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटचे ४ आणि ५०० मेगावॉटचा १ असे संच आहेत. अशा टर्बाइनचा अवाढव्य आख व्हाइट मेटलच्याच बेअरिंगवर फिरतो, म्हणजे जुन्या मोटारीच्या बेअरिंगच्या घराण्यातल्याच धातूवर. वाफ सोडण्याच्या कितीतरी आधी तिथे वेगळ्या मोटरवरचा तेलपंप सुरू होतो, बेअरिंगचा दाब तपासला जातो, मोठ्या संचांत उच्च दाबाचं तेल खालून सोडून आख अक्षरशः उचलला जातो, मग त्याला अगदी संथ गतीनं फिरवत ठेवतात. तेलाचा दाब नसेल तर यंत्रणा पुढची पायरी चढूच देत नाही. जहाजांची मोठी डिझेल इंजिनं, मोठे जनरेटर, जुनी पंख्यासारख्या सिलिंडरांची विमान इंजिनं, सगळीकडे आधी तेल भरण्याची सोय किंवा सक्तीची पद्धत आहे. मोटार कारखान्यांनी तसा वेगळा पंप दिला नाही, कारण रोज चालणाऱ्या गाडीला त्याची गरज नव्हती. वीस वर्षं उभी राहिलेली गाडी रोज चालणारी गाडी नाही, हा सगळा मुद्दा आहे.

आता प्रत्यक्ष काम. त्याचा पहिला नियम असा की गाडीची जात पाहिल्याशिवाय हात घालू नये, कारण सगळ्यांचं तेल एका वाटेनं जात नाही. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सनं १९२८ पासून १९५४ पर्यंत शेव्हरलेट गाड्या जुळवल्या, आणि त्या देशभर गेल्या. १९२९ पासूनच्या त्यांच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात पन्नाशीच्या सुरुवातीपर्यंत मेन बेअरिंगला पंपाचं तेल मिळे, पण कनेक्टिंग रॉडच्या टोकाला चमचे असत आणि ते खालच्या पन्हाळीतलं तेल उडवून घेत. अशा इंजिनात काट्यावरचा दाब कमीच दिसतो आणि तो कमी असणंच बरोबर असतं. तिथे महत्त्व चेंबर उतरवून त्या पन्हाळ्या साफ करण्याला आणि हातानं भरण्याला. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तर पंपच नव्हता. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या काळापासून जुळवलेली विलीज जीप खाणींच्या आणि जंगलांच्या या मुलखात सर्वांत जास्त राबली. तिच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा तेलपंप ब्लॉकच्या बाहेरून बसवलेला आहे, त्यामुळे तो खोलून, दात तपासून, तेलानं भरून परत बसवता येतो. डिस्ट्रिब्युटर त्याच आखाशी जोडलेला असल्यानं टायमिंगच्या खुणा आधी करून ठेवाव्या लागतात एवढंच. कुर्ल्याच्या प्रीमियरची १०८९ सीसीची फियाट आणि उत्तरपाड्याची १४८९ सीसीची अँबेसडर या पूर्ण दाबाच्या पद्धतीच्या. पंप, मुख्य वाहिनी, तिथून मेन बेअरिंग, क्रँकच्या पोटातून रॉड, वर कॅम आणि सगळ्यात शेवटी रॉकर. शेवटी हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण कामाची खात्री तिथेच पटणार असते.

सुरुवात प्लग काढण्यापासून. सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडायचं आणि एक-दोन दिवस थांबायचं. या थांबण्यात कोणी कंजुषी करू नये. गंजानं धरलेली रिंग घाईनं तुटते आणि सबुरीनं सुटते. मग चेंबरचा नट हळूच सैल करून पहिले थेंब काचेच्या बाटलीत धरायचे. आधी पाणी आलं तर त्या गाडीनं पावसाळे कसे काढले ते कळलं. नितळ पाणी आणि काळं तेल वेगळं दिसलं तर तो हवेतून आलेला घाम असतो. दुधाळ पांढरट द्रव आला किंवा रेडिएटरमधल्या पाण्याचा रंग दिसला तर हेड गॅस्केट किंवा ब्लॉकची शंका घ्यावी आणि तिथेच थांबावं. यानंतर चेंबर उतरवायचाच. जाळी रॉकेलच्या ब्रशानं धुवायची, तळाचा गाळ हातानं काढायचा, पंप उघडून दात आणि झाकणाचा सपाटपणा पाहायचा, दाब सोडणाऱ्या झडपेची गोळी आणि स्प्रिंग मोकळी आहे का ते बघायचं. ही झडप उघडी चिकटून बसली तर पंप कितीही चांगला असो, तेल जिथून आलं तिथेच परत जातं. पंप परत बसवताना त्याच्या दातांत तेल किंवा साधी व्हॅसलिन भरतात, म्हणजे पहिल्या फेऱ्यापासून तो तेल धरतो. ग्रीस भरू नये. ते तेलात लवकर विरघळत नाही आणि बारीक भोकांत जाऊन बसतं.

आणि मग या सगळ्या कामाचा गाभा. तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्याची नळी ब्लॉकला जिथे लागते, ते भोक थेट मुख्य वाहिनीत उघडतं. तिथे नळी जोडून, हवेचा दाब देता येणाऱ्या बंद डब्यातून ताजं तेल चौरस इंचाला ३०-४० पौंडांच्या दाबानं आत सोडायचं आणि सोबत एका माणसानं क्रँक हातानं सावकाश फिरवत राहायचं, म्हणजे क्रँकच्या भोकांची तोंडं एकेक करून जुळतात. चेंबर अजून उतरवलेलाच ठेवला तर खाली कंदील किंवा टॉर्च धरून प्रत्येक बेअरिंगमधून तेल कसं गळतं ते पाहता येतं, आणि इथे हे काम तयारीचं न राहता तपासणीचं होतं. जुन्या अमेरिकन वर्कशॉपांत यासाठी खास टाकी असे, आणि मिनिटाला साधारण २० ते १५० थेंब पडणारं बेअरिंग चांगलं मानत. धार लागली तर बेअरिंग सैल. थेंबच नाही तर वाहिनी बुजलेली. इंजिन एकदाही न पेटवता, एकही धातूचा कण न झिजवता, पोटातल्या प्रत्येक बेअरिंगची नाडी अशी बघता येते. काही अमेरिकन इंजिनांत डिस्ट्रिब्युटर काढून त्या जागी सळई घालून ड्रिलनं पंपच फिरवता येतो, पण तिथे पंपाची रचना तशी आहे म्हणून. प्रत्येक इंजिनात तसं करता येईल असं समजून ड्रिल घालू नये. चेंबर परत चढवून, नवं पॅकिंग घालून, फिल्टर तेलानं भरून बसवून हाच दाब पुन्हा द्यायचा, आणि रॉकरचं झाकण उघडं ठेवून वाट पाहायची. सर्वांत दूरच्या रॉकरवरून तेल ओघळू लागलं की वाट मोकळी झाली.

यावर घेतल्या जाणाऱ्या हरकतींतली सर्वांत वजनदार हरकत अनुभवी मिस्त्रींची असते. त्यांनी अशा कितीतरी गाड्या नुसती बॅटरी लावून सुरू केलेल्या असतात आणि त्या चाललेल्या असतात. हे खरं आहे, आणि ते नाकारण्याचं कारण नाही. पण चालली याचा अर्थ काय, ते पाहावं लागेल. कोरड्या सुरुवातीनं ओरखडलेलं बेअरिंग त्याच दिवशी आवाज करत नाही. फट वाढलेली असते, गरम तेलावर दाब थोडा उतरतो, आणि ठोका ऐकू येतो तो काही शे किलोमीटरनंतर, जेव्हा गाडी मिस्त्रीच्या अंगणातून केव्हाच गेलेली असते. तेव्हा दोष जुनेपणाला दिला जातो. ज्या सुरुवातीनं तो ठोका पेरला तिच्याशी त्याचा संबंध जोडायला तिथे कोणी नसतं. शिवाय जी गाडी त्या दिवशी जाम झाली तिची गोष्ट सांगितली जात नाही, ती भंगारात जाते. दुसरी हरकत अशी की जुन्या जुळणीला हात लावू नये, चेंबर उतरवला की गळती सुरू होते. या सावधपणाबद्दल मला आदर आहे, आणि सिलिंडर हेडच्या बाबतीत तो बहुतेकदा योग्यच ठरतो. चेंबरच्या बाबतीत नाही, कारण तिथलं बुचाचं पॅकिंग इतक्या वर्षांत वाळून आकसलेलंच असतं आणि ते तसंही गळणार असतं. आणि गाळ बाहेर काढण्याचा दुसरा रस्ता नाही.

दुसरा रस्ता आहे असं मानणारे डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन पाच मिनिटं चालवायला सांगतात. ही पद्धत गॅरेजांत सर्रास आहे आणि माझ्या मते उभ्या इंजिनासाठी ती सर्वांत घातक आहे. ज्या पाच मिनिटांत बेअरिंगला सर्वांत चांगलं तेल हवं, त्याच पाच मिनिटांत त्याला पातळ केलेलं मिळतं; आणि वर्षांचा घट्ट गाळ सुटून एकदम वाहिन्यांच्या तोंडाशी जातो. तळाशी स्वस्थ बसलेली घाण चालती करायची असेल तर आधी चेंबर उतरवून ती बाहेर काढणंच शहाणपणाचं. याच्या उलट टोकाला जाड तेलाचे पुरस्कर्ते आहेत. जुनं इंजिन, सैल बेअरिंग, म्हणून मधासारखं तेल. पण गारठलेल्या इंजिनात जाड तेल उशिरा पोचतं, आणि इथे सगळा प्रश्न पोचण्याच्या वेळेचा आहे. नागपूरच्या हवेला अशा बहुतेक इंजिनांसाठी २०डब्ल्यू-५० हे साधं खनिज तेल पुरेसं आहे. त्यात एक फायदाही आहे. सपाट टॅपेट कॅमवर घासून चालतो, तिथे जस्त-फॉस्फरसचं संयुग धातूवर संरक्षक थर धरतं. नव्या पातळ पेट्रोल तेलांत प्रदूषण रोखणाऱ्या कॅटलिस्टला जपण्यासाठी फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवतात; २०डब्ल्यू-५० सारख्या जाड श्रेणींना ती मर्यादा लागू नाही. महागडं आधुनिक तेल जुन्या गाडीसाठी चांगलंच असेल, हे म्हणूनच गृहीत धरू नये.

एवढी मेहनत एका जुन्या गाडीसाठी कशाला, असाही प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर आता कायद्यातही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन ५० वर्षांवरच्या वाहनांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. नंबरपाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरं, नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये. अट अशी की वाहन मूळ रूपात असावं, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे मूळ इंजिन वाचवणं हा आता नुसता हौसेचा विषय राहिला नाही, गाडीची ओळखच त्यावर उभी आहे. एकदा क्रँक ओरखडला की तो घासून घ्यावा लागतो, त्या मापाची बेअरिंगं शोधावी लागतात, आणि व्हाइट मेटल असेल तर ते वितळवून ओतणारा आणि मापात बोअर करणारा कारागीर गाठावा लागतो. असे हात वर्षागणिक कमी होत आहेत. दुसऱ्या पारड्यात काय आहे? काही लिटर तेल, एक पॅकिंग, एक फिल्टर, एक नळी, आणि चार-पाच दिवस. मिस्त्रीला त्या दिवसांची मजुरी मिळाली पाहिजे हे मात्र गाडीमालकानं उघडपणे मान्य करावं. घाई पुष्कळदा गॅरेजची नसते, मालकाच्या मुहूर्ताची असते.

मुहूर्त पाळायचाच असेल तर पूजा हाराची करावी, चावीची दिवाळीनंतर. दसरा पावसाळ्याच्या शेवटी येतो, आतलं लोखंड तेव्हा सर्वांत ओलं असतं. नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत हेच काम अधिक चांगलं होतं. रॉकरवर तेल आल्यावरही प्लग काढलेलेच ठेवून, पेट्रोल बंद करून सेल्फ मारायचा, सलग न मारता थांबून थांबून. सिलिंडरमध्ये दाब नसल्यानं बेअरिंगवर भार नसतो आणि इंजिनाचा स्वतःचा पंप काम करतो की नाही ते कळतं. गाडीच्या जुन्या काट्यावर विसंबू नये, वेगळा यांत्रिक काटा लावावा. तो हलला की मग प्लग, मग पेट्रोल, मग चावी. पेटल्यावर डोळे फक्त काट्यावर. काही सेकंदांत दाब दिसला नाही तर आवाज कितीही गोड असला तरी बंद करायचं आणि पुन्हा खाली जायचं. दाब टिकला तर वीस-पंचवीस मिनिटं चालवून इंजिन तापू द्यायचं आणि ते गरम असतानाच तेल काढून टाकायचं, नवं असलं तरी, कारण वर्षांचं जे काही सुटायचं होतं ते आता त्याच तेलात तरंगतं आहे. फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उघडून धरायचा. काळी भुकटी दिसली तर ती काजळी. चुंबकाला चिकटणारे बारीक कण कॅम, टॅपेट किंवा रिंगकडचे. चुंबकाला न चिकटणारी, चंदेरी किंवा तांबूस चमक दिसली तर ती बेअरिंगकडची, आणि ती गाडी पुन्हा चेंबर उतरवून थेंब मोजायला घ्यायची.